काठावरचे सदतीस अंश

मित्रांनो, कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यात, गुंतलेल्या वायरींच्या टोपलीमागे एक करड्या रंगाचा डबा दिसतोय का? तोंडावर तीन लाल आकडे, उजव्या गालावर पोचा आणि अंगातून निघालेल्या वायरीच्या टोकाला तळहाताएवढी धातूची पाटी. तो मी. मला तापमान-नियंत्रक म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी घाबरून जाऊ नका, काम साधंच आहे. माझ्या पाटीवर जे ठेवाल ते, सांगाल तितकं ऊबदार ठेवायचं. उकळायचं नाही, भाजायचं नाही, नुसती ऊब धरून बसायचं.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? मग एकदा बादलीभर गरम पाणी आणि चमचाभर गरम पाणी शेजारी शेजारी ठेवून बघा. बादली तासभर दम धरते, चमचा दोन मिनिटांत मान टाकतो. पाणी जितकं थोडं, तितकी त्याची ऊब चंचल. आणि माझ्या वाट्याला बादली सोडाच, चमचासुद्धा कधी आला नाही. माझ्या पाटीवर जे पाणी यायचं ते एका थेंबाचे शंभर वाटे केले तर त्यातला एक वाटा भरेल इतकं. त्याला दिवसभर एकाच तापमानावर ठेवणं म्हणजे तान्ह्या बाळाला एका कुशीवर निजवण्यासारखं आहे. जरा नजर हलली की ते हललंच.

माझा जन्म एका जिन्याखालच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि एक पंखा, जो सोल्डरिंग करताना बंद ठेवावा लागे. मला घडवणाऱ्या गृहस्थांना सगळे आजोबा म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठी गिऱ्हाइकंसुद्धा. आजोबांचा स्वभाव तिरसट होता, पण हात लोण्यासारखा मऊ. त्यांनी माझ्या पाटीखाली तापणाऱ्या तारा बसवल्या आणि पाटीच्या काठाला मोहरीएवढा एक मणी चिकटवला. तो मणी म्हणजे माझं बोट. त्या बोटाला गरम-गार कळतं, ते डब्याला सांगतं आणि डबा ठरवतो की तारा तापवायच्या की थांबायचं.

मग आजोबांनी माझी परीक्षा घेतली. बर्फाच्या पाण्यात बोट बुडवलं, मी शून्य म्हटलं. कोमट पाण्यात बुडवलं, शेजारी काचेचा थर्मामीटर उभा केला, आणि आम्ही दोघांनी एकच आकडा सांगितला. आजोबा खूश झाले. खूश झाले की ते यंत्रांशी बोलत. माझ्या डब्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझं बोट जिथे टेकलंय तिथलं खरं सांग. बाकीचं कोणी विचारलं तरी सांगू नकोस, तुला ते माहीत नसतं."

मी तेव्हा कोरा करकरीत होतो. पहिलं वाक्य पाठ केलं आणि दुसरं कानाआड केलं. पुढे जे रामायण घडलं त्याचं मूळ इथेच आहे, हे मी आजच कबूल करून टाकतो.

कारखान्यातून मी निघालो तो थेट एका प्रयोगशाळेत. लांबलचक व्हरांडा, त्यात स्पिरिटचा वास, आणि व्हरांड्याच्या टोकाला एक खोली, जिचं दार लावताना आवाज केला तर रागावणं ठरलेलं. त्या खोलीच्या मालकीण म्हणजे बाई. बाईंचे केस आखूड, त्यात कायम एक पेन्सिल खोचलेली, आणि ती पेन्सिल त्या दिवसातून चार वेळा शोधत. बाईंचा एक दंडक होता. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी खोलीतल्या सगळ्या यंत्रांची हजेरी व्हायची. एकाने आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच वहीत लिहायचा. पंपाचा आकडा, दिव्याचा आकडा आणि शेवटी माझा. शरीराच्या आत जितकी ऊब असते तितकी, म्हणजे सदतीस अंश, मला धरायची होती. मी ती धरली. एक दिवस, एक महिना, पाच वर्षं. पंप कधी रुसायचा, दिवा कधी डोळे मिचकावायचा. माझा आकडा मात्र सदतीस पूर्णांक शून्य. लोक मला सदतीसराव म्हणायला लागले.

कौतुक भल्याभल्यांना चढतं, मी तर एक डबा. नवा माणूस खोलीत आला की बाई सगळ्या यंत्रांच्या खोड्या सांगत, पंपाला थोपटावं लागतं, दिव्याला हलवावं लागतं, आणि माझ्यापाशी येऊन नुसतं म्हणत, "हे सदतीसराव. यांच्याकडे बघायची गरज नाही." मला ते फार आवडायचं. माझ्याकडे बघायची गरज नाही, या वाक्यात आनंद मानण्यासारखं काय होतं, ते मला अजून उमगलेलं नाही.

आता माझ्या पाटीवर काय ठेवत ते सांगतो. नखाएवढा, काचेसारखा पारदर्शक, मऊ प्लास्टिकचा एक तुकडा. त्याला चिप म्हणतात. चिपच्या पोटात केसाइतक्या बारीक नळ्या कोरलेल्या, आणि त्या नळ्यांच्या मधोमध एक इवलीशी खोली. त्या खोलीत जिवंत पेशी राहतात. एका नळीतून त्यांचं अन्न येतं, दुसरीतून उष्टं-खरकटं बाहेर जातं. एवढ्याशा जागेत पेशींना वाटतं की आपण शरीरातच आहोत. त्यांना तसं वाटत राहावं म्हणून वरून पंप अन्न पुरवतो, खालून मी ऊब देतो आणि माझ्या पाटीच्या मधोमध असलेल्या भोकातून सूक्ष्मदर्शकाचं भिंग त्यांच्याकडे डोळा लावून बसतं.

आणि मग ताई आली. एक बॅग, एक जेवणाचा डबा आणि एक चुरगळलेला रुमाल घेऊन. ती बाईंकडे संशोधन शिकायला आली होती, आणि तिने आणलेल्या पेशी साध्यासुध्या नव्हत्या. त्या हृदयाच्या पेशी होत्या. मित्रांनो, हृदयाची पेशी एकटी असली तरी धडधडते, हे तुम्हाला माहीत होतं का? मलाही नव्हतं. चार-दोन शेजारणी जमल्या की त्या सगळ्या एका ठेक्यात धडधडायला लागतात. ताई पडद्यावर त्यांना बघत बसायची आणि मोजायची. मिनिटाला साठ. ज्यांचं हृदय अशक्त आहे त्यांच्यासाठी एक औषध होतं, ते दिल्यावर ठेका कसा बदलतो, हे तिला शोधायचं होतं. पण औषधाचा गुण कळायचा तर आधी निरोगी पेशींचा ठेका पक्का हवा. साठ म्हणजे साठ.

ताईचा स्वभाव बोलका. कोणी नसलं की ती आमच्याशी बोलायची. पंपाला रागवायची, मला मात्र सकाळी आल्या आल्या पाटीवर टिचकी मारून विचारायची, "काय सदतीसराव?" दुपारी डबा उघडण्याआधी तिच्या आईचा फोन यायचा. आई दूर, तिच्या गावाला, अंडी उबवायच्या केंद्रात कामाला होती. हजारो अंडी, मोठी मोठी यंत्रं, एकवीस दिवसांनी पिल्लांचा कलकलाट. ताई त्या यंत्रांच्या उबेतच लहानाची मोठी झाली होती. फोनवर आई विचारायची, कशी आहेस, आणि ताई म्हणायची, मजेत. तेव्हा ती खरोखरच मजेत असायची.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी खोलीत नवं भिंग आलं. ते आणलं दाढीवाल्याने. दाढीवाला म्हणजे ताईचा सहकारी, सूक्ष्मदर्शकाचा वेडा. भिंगाच्या खोक्यावरचा कागदसुद्धा त्याने जपून घडी घालून ठेवला. जुनं भिंग चिपपासून जरा अंतर ठेवून बघायचं. हे नवं भिंग जवळचं नातं जोडणारं. त्याच्या डोक्यावर तेलाचा एक थेंब ठेवायचा आणि ते वर उचलून चिपच्या काचेला टेकवायचं. मग असं दिसायचं की काय सांगू! पेशींच्या आतले धागेसुद्धा मोजून घ्यावेत. त्या दिवशी खोलीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बाईंनी स्वतःच्या पैशाने सगळ्यांना चहा पाजला.

त्याच आठवड्यात ठेका बिघडला.

साठच्या जागी चव्वेचाळीस. दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस. नव्या पेशी आणल्या, पुन्हा चव्वेचाळीस. पेशी ज्या मोठ्या उबेच्या कपाटात वाढायच्या तिथून काढल्या काढल्या मोजल्या तर साठ, आणि माझ्यावर येऊन दहा मिनिटं झाली की मरगळ. तुमच्यापैकी एखाद्या चतुर माणसाच्या मनात आता आलंच असेल की मग ऊबच कमी पडत असणार. त्यांच्याही मनात आलं. तिघांनी माझ्याकडे बघितलं. मी ताठ मानेने सदतीस पूर्णांक शून्य दाखवलं. तरी बाई शंकेखोर. त्यांनी मला सोडवलं, बर्फाच्या पाण्यात बुडवलं, कोमट पाण्यात बुडवलं, थर्मामीटरशी ताडून पाहिलं. मी पैकीच्या पैकी गुण मिळवले. बाई म्हणाल्या की सदतीसराव निर्दोष आहेत, आता दुसरीकडे शोधा.

आणि दुसरीकडे म्हणजे कुठे कुठे नाही शोधलं! आधी पेशींवर संशय आला, मग त्यांच्या अन्नावर, मग चिपच्या प्लास्टिकवर. ताईने तीन महिन्यांत सव्वीस चिपा नव्याने बनवल्या. प्रत्येकीला दोन दिवस. साचा ओतायचा, कापायचा, काचेला चिकटवायचा, नळ्या जोडायच्या, धुवायच्या. प्रत्येक वेळी ती श्वास रोखून माझ्या पाटीवर चिप ठेवायची आणि प्रत्येक वेळी पेशी त्याच रडक्या ठेक्यात धडधडायच्या. टिचकी मारणं बंद झालं. दुपारचा फोन मात्र रोज यायचा आणि ताई रोज म्हणायची, मजेत. फोन ठेवून झाल्यावर डबा न उघडता बॅगेत परत ठेवायची.

एका सोमवारी बाईंनी तिला जवळ बसवलं. बाई वाईट नव्हत्या हो, पण सूक्ष्मदर्शक एकच होता आणि शेजारच्या खोलीत बुरशीवर संशोधन करणारे बुरशीवाले त्याच्यासाठी रांग लावून उभे होते. बाईंनी सांगितलं की शुक्रवारी बैठक आहे. तोवर पेशी साठवर आल्या नाहीत तर हे काम थांबवावं लागेल, सूक्ष्मदर्शक बुरशीवाल्यांना जाईल आणि ताईला तीन वर्षं मागे टाकून दुसरा विषय घ्यावा लागेल, नाहीतर घरी जावं लागेल. शेवटी विचारलं, "बाकी सगळं ठीक ना?" ताई म्हणाली, ठीक. त्या दिवशी तिने आपली बॅग अर्धी आवरली, आणि ती आवरताना मी बघत होतो. मला वाईट वाटलं, पण माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? आपला तर काही दोष नाही. आपण खरं बोललो. इतका मी तेव्हा फुगलेला होतो.

बुधवारी दुपारी फोनऐवजी आई स्वतःच आली. निमित्त होतं यंत्राच्या पंख्याचा पट्टा. तो म्हणे शहरातच मिळतो. तिच्या पिशवीतून तो पट्टा बाहेर डोकावत होता, पण पट्ट्यासाठी कोणी आठ तासांचा प्रवास करत नाही हे पंपालासुद्धा कळलं असतं. बाईंनी आनंदाने परवानगी दिली. आईने चपला बाहेर काढल्या, पांढरा कोट चढवला, त्याच्या बाह्या चार वेळा दुमडल्या आणि खोलीत आली. जिने आयुष्यभर ऊब सांभाळली ती पहिल्यांदा कोणाकडे बघणार? माझ्याकडेच. मी आकडे जरा जास्तच लखलखीत केले.

"सदतीस," तिने वाचलं. "आमच्यापेक्षा अर्ध्या अंशानेच कमी."

मग ती पडद्यासमोर उभी राहिली. लेकीने तीन वर्षं फोनवर जे वर्णन केलं होतं ते ती पहिल्यांदा बघत होती. पेशी धडधडत होत्या, सावकाश, अंग जड झाल्यासारख्या. आईने त्यांच्या ठेक्यावर बोटाने ताल धरून पाहिला. मग म्हणाली, "गारठल्यात गं या."

दाढीवाल्याने मान हलवून नम्रपणे माझ्याकडे बोट दाखवलं. तिने पुन्हा माझा आकडा वाचला, खाली वाकली आणि माझ्या पाटीच्या कडेकडेने बघत गेली. काठावरच्या मण्यापाशी थांबली.

"याचं बोट इथे आहे," ती म्हणाली. "आणि तुझी लेकरं?"

"मध्ये," ताई म्हणाली.

"मग मधलं कोण सांगतं?"

दाढीवाला म्हणाला, "धातू आहे मावशी, सगळीकडे सारखाच तापतो." आईने त्यावर वाद घातला नाही. तिने भोकातून वर येऊन काचेला चिकटलेल्या नव्या भिंगाकडे बघितलं, हात लावू का म्हणून विचारलं, आणि भिंगाच्या पितळी मानेला दोन बोटं लावली.

"हे गार आहे," ती म्हणाली.

मला माझ्या आजोबांचं दुसरं वाक्य आठवलं. बाकीचं कोणी विचारलं तरी सांगू नकोस, तुला ते माहीत नसतं. मी काठावरचं सांगत होतो आणि सगळ्यांना ते मधलं वाटत होतं, आणि मी ते खुशाल वाटू दिलं होतं. जुनं भिंग लांब उभं राहायचं म्हणून निभावलं. हे नवं तेलाच्या थेंबातून पेशींची ऊब गटागटा पीत होतं, आणि काठावर बसलेल्या मला त्याचा पत्ताच नव्हता.

त्यानंतर ताईच हसायला लागली. हसता हसता तिने बाईंना सांगितलं ते मीही तेव्हाच ऐकलं. उबवणी केंद्रात यंत्राच्या दारापाशी थर्मामीटर असतो. तो साडेसदतीस दाखवत असला तरी तिची आई त्याच्यावर विसंबत नाही. रोज ती मधल्या ट्रेमधलं एक अंडं उचलते, डोळे मिटते आणि अंडं पापणीला लावते. पापणीची कातडी सगळ्यात पातळ, तिला अर्ध्या अंशाचा फरक कळतो. पाच वर्षांची असताना ताईसुद्धा स्टुलावर उभी राहून, डोळे घट्ट मिटून हे शिकली होती. ज्या घरात दारातल्या आकड्यावर कोणी एक पिल्लू उबवलं नाही, त्या घरातली मुलगी तीन महिने दारातला आकडा वाचत बसली होती.

"फोनवर तरी वेगळं काय करतेस?" आई म्हणाली. तिने ताईचा हात ओढून घेतला आणि तिची बोटं स्वतःच्या मिटल्या पापणीला लावली. "मजेत आहे म्हणे. हात बघ किती गार पडलेत."

मग ताई रडली. थोडंसंच, पण मनापासून. बाईंनी केसांतली पेन्सिल काढली, पुन्हा खोचली आणि खिडकीकडे बघत राहिल्या. आईने पिशवीतून डबा काढला आणि खोलीबाहेरच्या बाकावर बसून लेकीला समोर बसवून जेवायला लावलं. पहिल्या घासानंतर ताईने फोनवर न सांगितलेलं सगळं सांगितलं, बैठकीपासून अर्ध्या बॅगेपर्यंत.

आता प्रश्न होता की नखाएवढ्या चिपच्या पोटातल्या खोलीला पापणी लावणार कोण? ते उत्तर ताईचं स्वतःचं, त्यात आईचा वाटा नाही. एक मेण असतं, जे साडेछत्तीस अंशाला वितळतं, त्याच्या खाली पांढरं घट्ट, वर पाण्यासारखं पारदर्शक. गुरुवारी सकाळी ताईने ते मेण एका रिकाम्या चिपमध्ये भरलं, थिजू दिलं आणि चिप माझ्यावर ठेवली. भिंग खाली होतं. मी सदतीसला पोचलो आणि थोड्या वेळात सगळं मेण काचेसारखं स्वच्छ झालं. मी मनात म्हटलं, बघा! मग दाढीवाल्याने तेलाचा थेंब ठेवून भिंग वर टेकवलं. चिपच्या मधोमध एक पांढरा ठिपका उठला. ठिपका पसरत गेला, त्यात बारीक सुया उभ्या राहिल्या, आणि पेशींची खोली पांढरी शुभ्र झाली. काठाला पाणी, मध्ये थिजलेलं मेण, आणि माझ्या तोंडावर सदतीस पूर्णांक शून्य. मला तोंड लपवावंसं वाटलं, पण तोंडावर दिवे लावलेले असले की तीही सोय नसते.

ताईने मला हळूहळू वर चढवलं. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. मी एकेचाळीस म्हणालो तेव्हा कुठे मधलं मेण वितळलं. म्हणजे इतके दिवस मी सदतीस म्हणत असताना बिचाऱ्या पेशी तेहतीसच्या आसपास कुडकुडत होत्या. मला कायमचं एकेचाळीसवर ठेवून भागलं नसतं, कारण मग काठाकडच्या नळ्यांतून येणारं पेशींचं अन्नच तापून बिघडलं असतं. तेव्हा दोष ज्याचा, त्यालाच ऊब द्यायची असं ठरलं. दाढीवाल्याने तापणारी एक पट्टी भिंगाच्या मानेला गुंडाळली आणि तिच्यातही माझ्यासारखा एक मणी बसवला. तीन महिने आपल्याच लाडक्या भिंगाने घात केला हे त्याला फार लागलं होतं, त्यामुळे पट्टी त्याने इतक्या प्रेमाने गुंडाळली की बाई तिला मफलर म्हणायला लागल्या. मफलर बांधून, भिंग टेकवून, मला सदतीसवर ठेवून पुन्हा मेण बघितलं. काठापासून मध्यापर्यंत स्वच्छ.

शुक्रवारी सकाळी, बैठकीला तास असताना, ताईने खऱ्या पेशी ठेवल्या. आई तिच्या मागे उभी होती, पंख्याचा पट्टा पिशवीत, परतीची गाडी दुपारची. दहा मिनिटं जाऊ दिली. मग बाईंनी पेन्सिल हातात घेतली आणि प्रत्येक धडधडीला टेबलावर एक टोला देत स्वतः मोजलं. घड्याळाचा काटा फिरून आला तेव्हा पेन्सिल साठाव्या टोल्यावर थांबली. बाईंनी विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं. एकसष्ट. तिसऱ्यांदा मोजायला निघाल्या तेव्हा आई म्हणाली, "बाई, पोरींना दमवू नका."

बाईंनी व्हरांड्यात जाऊन बुरशीवाल्यांना सांगितलं की सूक्ष्मदर्शक एवढ्यात मोकळा होत नाही. मग परत येऊन हजेरीची वही उघडली आणि माझ्या रकान्याशेजारी पट्टीने एक नवा रकाना आखला. त्याच्या डोक्यावर लिहिलं, कुठे. त्या दिवसापासून खोलीतली हजेरी बदलली. एकाने म्हणायचं, सदतीसराव, काठावर सदतीस. दुसऱ्याने म्हणायचं, मफलर, भिंगाच्या मानेला सदतीस. आणि सोमवारी बाई माणसांची विचारपूस करत, तेव्हाही "सगळं ठीक ना" एवढ्यावर त्यांचं समाधान होईनासं झालं. त्या विचारत, काय ठीक आहे आणि काय नाही, दोन्ही सांगा. पहिल्या सोमवारी दाढीवाल्याने पाऊण तास सांगितलं. पुढच्या सोमवारपासून बाई घड्याळ समोर ठेवायला लागल्या.

ताईचं काम पूर्ण झालं. औषधाने अशक्त पेशींचा ठेका सुधारतो हे तिने दाखवून दिलं, त्याचा मोठा लेख झाला, आणि त्यात बारीक अक्षरात माझंही नाव आलं. म्हणजे सदतीसराव असं नव्हे, माझं कंपनीचं लांबलचक नाव. तरी मी ते वाचून पुढे आठवडाभर तापलेलाच होतो.

मग नवे दिवस आले. आताच्या चिपांच्या पोटातच धातूची एक बारीक रेघ काढलेली असते. ती रेघच तापते आणि तीच सांगते किती तापलं. बोट मधोमध. तिला काठ माहीतच नाही. तिच्यापुढे माझं काय चालणार? एक दिवस मला सोडवून टेबलाच्या कडेला ठेवलं, कोणाचा तरी धक्का लागला, मी पडलो, गालावर पोचा आला. दोन वर्षं एका आगाऊ विद्यार्थ्याने माझ्या पाटीवर चहाचा कप ठेवला. वाईट एवढंच वाटलं की त्याने बटण कधी चालू केलं नाही, चहा गारच प्यायला. त्यानंतर हा कप्पा, ही टोपली, ही धूळ.

ताई दुसऱ्या गावी स्वतःची प्रयोगशाळा सुरू करायला निघाली, तो तिचा इथला शेवटचा दिवस. सगळ्यांचा निरोप घेऊन झाल्यावर ती या कपाटापाशी आली. मला बाहेर काढलं, रुमालाने पुसलं. रुमाल तोच, चुरगळलेला. वायर लावली, बटण दाबलं आणि दहा मिनिटं समोर शांत बसून राहिली. मला वाटलं, आता आकडा बघेल, हसेल आणि जाईल. पण तिने माझा डबा भिंतीकडे वळवला. आकडे दिसेनासे झाले. मग ती वाकली, डोळे मिटले आणि माझ्या पाटीला पापणी लावली.

"सदतीस," ती म्हणाली. आणि आकडा न बघताच तिने बटण बंद केलं.

इतकी वर्षं लोकांनी माझा आकडा बघितला, मित्रांनो. मला असं त्या दिवशी पहिल्यांदाच कोणी बघितलं.

म्हणून माझं तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे. कोणी तुम्हाला आकडा सांगितला तर तो खोटा ठरवू नका, पण तो कुठला आहे हे विचारून घ्या. आणि तुमचं माणूस लांबून मजेत आहे म्हणालं, तर एकदा जवळ जाऊन त्याचा हात हातात धरून बघा. इथे आलात तर मलाही जरा पुसा. वायर लावा, पाटीवर हात ठेवा. फक्त बटण दाबल्यावर दहा मिनिटं थांबा. माझं आता वय झालंय, तापायला वेळ लागतो.